कार्पल टनल: ऑपरेशन झालं, हात बरा झाला, आणि आता परत मुंग्या

कळफलक

या विषयावर इथे आधीचे धागे आहेत, पण ते पहिल्यांदा त्रास सुरू झालेल्यांसाठी आहेत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा, म्हणून नवा धागा काढतेय.

उजव्या मनगटाचं कार्पल टनलचं (मनगटातल्या अरुंद वाटेत नस दबते त्याचं) ऑपरेशन होऊन दोनेक वर्षं झाली. त्याआधी रात्री हात बधिर होऊन उठणं, झटकणं, परत आडवं होणं हे रोजचंच होतं. ऑपरेशननंतर रात्रीच्या मुंग्या लगेच थांबल्या. नंतर वर्षभराहून जास्त काळ आपल्याला हा त्रास होता हेसुद्धा मी विसरून गेले होते. आता काही महिन्यांपासून परत पहाटे जाग येते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. फोन कानाला धरला किंवा गाडी चालवली की दिवसाही होतं. शर्टाचं बटण लावताना बोटांना ते नीट लागत नाही.

दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले परत ऑपरेशन करू. दुसरे म्हणाले हाताचं राहू दे, आधी मानेचा एमआरआय काढा. घरचे म्हणतात कॉम्प्युटरचं काम सोड. मी भाषांतरं करते, दिवसभर टायपिंग. ते सोडून करू काय?

तर मला विचारायचंय की जे लिगामेंट (मनगटावरचा आडवा पट्टा) एकदा कापलंय त्याच्याखाली नस परत दबतेच कशी? टायपिंगचा यात किती वाटा? आणि दुसऱ्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

दीडशहाणा

टायपिंगच. दुसरं काय असणार? ऑपरेशन केलंत, पण मूळ कारण रोज आठ तास चालूच ठेवलंत. माउस डाव्या हातात घ्या, बोलून टाइप करणारं सॉफ्टवेअर वापरा.

कशिदा

मीही याच रांगेत. पण माझं ऑपरेशन झालेलं नाही, इंजेक्शनं झालीत. दर वेळी वाटतं की सुटलो. काही महिने छान जातात आणि मग एका रात्री पुन्हा तेच. भरतकाम माझा पोटापाण्याचा धंदा आहे, सुई चिमटीत धरायची म्हणजे हेच तीन बोटांचं काम. दोन्ही हातांना आहे, उजव्याला जास्त. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

अस्थिरंजन

हाताच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. इथे लिहिलेलं वाचून कोणी परस्पर निर्णय घेऊ नये, हात तपासल्याशिवाय यातलं काहीच नक्की सांगता येत नाही.

कळफलक, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे मधे वर्षभराहून जास्त काळ हात पूर्ण बरा होता, हे. दोन्ही डॉक्टरांना हे सांगितलंत का? बरेच पेशंट फक्त "ऑपरेशन झालं तरी त्रास आहे" एवढंच सांगतात, आणि तिथून गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. कारण ऑपरेशननंतर त्रास असलेल्या लोकांचे तीन वेगळे गट आहेत आणि तिघांची कारणं वेगळी असतात.

पहिला गट, ज्यांचा त्रास ऑपरेशननंतर गेलाच नाही. इथे पहिला संशय असा की लिगामेंट पूर्ण कापलं गेलं नाही, आणि दुसरा असा की मुळात निदानच चुकलं होतं. दुसरा गट, ज्यांचा त्रास गेला, निदान तीनेक महिने तरी हात स्वच्छ होता, आणि मग परत आला. तुम्ही यात. तिसऱ्या गटाला आधी नव्हतं असं काहीतरी नवीन होतं. तळहातात आग, अंगठ्याची ताकद अचानक कमी होणं, व्रणाला बोट लागलं तरी झिणझिणी. तिथे ऑपरेशनमध्येच एखाद्या नसेला किंवा तिच्या फांदीला इजा झाली का ते बघावं लागतं, आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

आता तुमचा प्रश्न, परत दबतेच कशी. मनगटाच्या पुढे, तळहाताच्या मुळाशी कार्पल टनल ही अरुंद वाट, म्हणजे बोगदा, आहे. खाली आणि बाजूंना मनगटाची हाडं, वर जाड आडवं लिगामेंट. आतून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांच्याबरोबर मिडियन नस जाते. निरोगी हातात आतला दाब साधारण २ ते १० मिलिमीटर पारा असतो. कार्पल टनलच्या पेशंटमध्ये तो ३० च्या आसपास आढळतो, आणि मनगट पूर्ण दुमडलं किंवा मागे वाकवलं तर ९० च्याही पुढे जातो. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं म्हणून त्रास रात्रीचा. ऑपरेशनमध्ये आपण लिगामेंट उभं चिरतो, दोन कडा बाजूला सरकतात आणि मधल्या फटीत नवीन ऊतक भरून येतं. एरवी ते सैलसर असतं, म्हणून जागा वाढलेली राहते. पण काहींमध्ये तिथे घट्ट व्रण तयार होतो. नस त्याला चिकटते आणि चिखलात रुतलेल्या दोरीसारखी अडकून बसते. मनगट हलवलं की ती सरकायला हवी, ती ताणली जाते. दुसरी शक्यता अशी की जागा पुरेशी आहे, पण आतला ऐवज फुगलाय. कंडरांच्या भोवतीचं आवरण सुजलंय. याला कारण मनगटाबाहेरचं असू शकतं, म्हणजे थायरॉइड, मधुमेह, संधिवात वगैरे.

म्हणून मला तुमच्याकडून हवंय: करंगळीला मुंग्या येतात का? तळहाताच्या मांसल भागावरची त्वचा बधिर वाटते का? मान वळवली की त्रास वाढतो का? डाव्या हाताचं काय? अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा दोन्ही हातांचा सारखा दिसतो का? आणि ऑपरेशनआधीचा नर्व्ह कंडक्शनचा (नसेतून संदेश किती वेगाने जातो त्या टेस्टचा) रिपोर्ट जपून ठेवलाय का?

कळफलक

डॉक्टर, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. नाही, मधला बरा काळ मी ठळकपणे सांगितला नव्हता. कोणी विचारलंही नाही.

करंगळी ठीक आहे. अनामिका अर्धी, म्हणजे मधल्या बोटाकडची बाजूच. तळहात ठीक. मान दिवसाअखेर दुखते, पण मान हलवून हाताच्या मुंग्यांत फरक पडत नाही. डाव्या हातालाही अधूनमधून होतं, पूर्वी नव्हतं. उंचवटे सारखेच वाटतात. जुना रिपोर्ट शोधते.

रंधा

मी डॉक्टरांच्या पहिल्या गटातला. सुतारकाम, दिवसभर सँडर आणि ड्रिल. ऑपरेशन झालं, टाके निघाले, रात्रीच्या मुंग्या जशाच्या तशा. विचारलं की उत्तर एकच, "नस बरी व्हायला वेळ लागतो, धीर धरा." धीर धरण्यात बरेच महिने गेले. शेवटी दुसरीकडे सोनोग्राफी केली तर तळहाताच्या बाजूला लिगामेंटचा तुकडा शाबूत. दुसरं ऑपरेशन झालं, आणि त्या रात्री झोप लागली. पण तोवर अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला होता तो तसाच आहे. स्क्रू चिमटीत धरताना अजून सटकतो.

धीर धरायचा तर किती, हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

अस्थिरंजन

रंधा, तुमचा राग समजण्यासारखा आहे. याचं उत्तर खरं तर बरंच स्पष्ट देता येतं. रात्रीची जाग आणि झिणझिण्या ऑपरेशननंतर लवकर कमी व्हायला हव्यात, पुष्कळांना पहिल्या काही रात्रींतच फरक कळतो. सततचा बधिरपणा मात्र हळू जातो. नसेचे तंतू मेले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा, म्हणजे पाच-सहा महिने का लागतात ते कळेल. तेव्हा "वेळ लागतो" हे बधिरपणाबद्दल खरं आहे. रात्रीच्या मुंग्या तसूभरही कमी झाल्या नसतील तर ते लागू पडत नाही.

तुकडा राहतो तो बहुतेक वेळा तळहाताकडच्या टोकाला, कारण तिथे जवळच रक्तवाहिनीची कमान असते आणि सर्जन बिचकतो. कधी कोपराकडच्या टोकालाही राहतो. आणि अंगठ्याचा स्नायू एकदा वाळला की तो पुरता भरून येण्याची खात्री देता येत नाही. त्यासाठीच मी उंचवट्याबद्दल विचारलं.

दीडशहाणा

बघा, सुतार, भरतकाम, टायपिंग. सगळे हाताने काम करणारेच. मी म्हटलं तेच.

हातखंडा

दीडशहाणा साहेब, सगळ्यांना एका मापात नका बसवू. मी हाताची फिजिओथेरपी करते, त्यामुळे हा वाद रोज ऐकते. थरथरणारी यंत्रं, आणि जोर लावून तीच ती पकड पुन्हापुन्हा करण्याची कामं, यांचा कार्पल टनलशी संबंध चांगला दिसून आलाय. रंधा यांचं काम त्यात मोडतं. कीबोर्डबद्दलचे अभ्यास मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत थोडा संबंध दिसतो, काहींत अजिबात नाही. टायपिंगने असलेला त्रास जास्त जाणवतो, मनगट मागे वाकवून टाइप केलं तर नक्कीच. पण आजार तिथूनच येतो हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाई असणं, वय, वजन, मनगटाची जन्मजात ठेवण, घरातला इतिहास, यांचं पारडं जड आहे.

आणि कळफलक यांच्या न टाइप करणाऱ्या... बरं, टाइप दोन्ही हातांनीच करतात म्हणा. तरी डावा हात आत्ता का बोलायला लागला, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

काम सोडू नका. कीबोर्ड सपाट ठेवा, त्याचे मागचे पाय उघडू नका, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका, मधे मधे उठा. एवढं पुरे.

दीडशहाणा

कीबोर्डचे पाय उघडायचेच नसतील तर दिलेत कशाला? :) बरं, माघार घेतो. पण निम्मीच.

नवी_पालवी

मधेच विचारते. मला सातवा महिना आहे आणि दोन्ही हात रात्री बधिर होतात. हे म्हणजे कार्पल टनलच का? पुढच्या वेळी परत होईल का?

हातखंडा

बहुधा तेच. गरोदरपणात शरीरात पाणी साठतं, त्याने दाब वाढतो. रात्री स्प्लिंट (मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा) घाला, बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. सगळ्यांचं जातंच असं नाही, आणि पुढच्या खेपेला परत डोकं वर काढू शकतं. बाळाला पाजताना मनगट दुमडून डोकं धरू नका, उशीवर टेकवा. तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

शंकासुर

स्प्लिंटचा विषय निघाला म्हणून. मी दुकानातून आणून घातली, उलट जास्त दुखलं. काढून ठेवून दिली.

हातखंडा

त्यातली धातूची पट्टी बघा. तयार स्प्लिंटमध्ये ती बऱ्याचदा मनगट मागे वाकलेलं राहील अशी असते. कार्पल टनलला मनगट सरळ हवं, ना पुढे ना मागे. पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करा आणि परत घाला. पट्टे आवळू नका, बोटं पूर्ण मिटता आली पाहिजेत. आणि हो, रात्रीच घाला. दिवसभर घालून काम केलं तर माणूस स्प्लिंटशी झगडत राहतो आणि खांदा धरतो. निदान सहा आठवडे नेमाने घातल्याशिवाय निकाल लावू नका.

व्यायामाबद्दलही कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. नस आणि कंडरा सरकवायचे जे व्यायाम आम्ही शिकवतो त्यांचा पुरावा तसा बेताचाच आहे. मी ते देते, पण हलक्या हाताने करायला आणि स्प्लिंटच्या जोडीला. रबरी चेंडू दाबत बसणं मात्र यात उपयोगाचं नाही, कारण पकड घट्ट केली की आतला दाब वाढतो.

शंकासुर

अच्छा, पट्टी खरंच मागे वाकलेली होती. आता दुसरी शंका. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या?

रक्तगट

बी-६ ने फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं आणि हातपाय बधिर होतात. लघवी वाढवायच्या गोळ्यांचाही यात उपयोग दिसलेला नाही.

मी फिजिशियन आहे, सुरीशी माझा संबंध नाही. पण अस्थिरंजन यांनी "मनगटाबाहेरचं" म्हणून जे एका ओळीत उरकलं त्यावर मला जास्त बोलायचंय. शस्त्रक्रियेच्या बाह्यरुग्ण विभागात हा भाग हमखास घाईत जातो.

दुसरा हात नव्याने सुरू झाला, ऑपरेशन केलेला हात परत बिघडला, दोन्ही साधारण एकाच सुमाराला. अशा वेळी मी मनगटाकडे बघण्याआधी रक्त तपासतो. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), सकाळी बोटं आखडत असतील तर संधिवाताच्या चाचण्या, आणि किडनी. थायरॉइड मंदावलं की ऊतकांमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात, आणि बंदिस्त जागेत ते पहिल्यांदा जाणवतं. मधुमेहात नस मुळातच नाजूक झालेली असते, थोड्या दाबानेही तक्रार करते. शिवाय मधुमेहाचा सर्वसाधारण नसांचा आजार असेल तर पायही बधिर असतात. म्हणून हाताच्या पेशंटला पायांबद्दल विचारायचंच. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांमध्ये एक वेगळंच प्रथिन मनगटात साठतं आणि तिथे त्रास पुन्हापुन्हा उलटतो.

कळफलक, थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं, असलं काही?

कळफलक

वजन वाढलंय. थकवा तर आहेच, पण तो मी कामाच्या खात्यावर टाकला होता. उद्याच रक्त देते.

मानेवरचं_जू

मानेची शक्यता इतकी पटकन झटकू नका. माझं हाताचं ऑपरेशन झालं, निम्मा फरक पडला. नंतर कळलं की मानेतही नस दबत होती.

अस्थिरंजन

झटकलेली नाही. एकाच नसेच्या वाटेवर दोन ठिकाणी दाब असू शकतो, ही कल्पना अप्टन आणि मॅकोमास यांनी १९७३ मध्ये मांडली. ती किती खरी यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. व्यवहारात मी एवढं बघतो की मानेचा त्रास असेल तर वेदना खांद्याकडून खाली येते, मान मागे किंवा बाजूला केली की वाढते, आणि हात झटकून फारसं बरं वाटत नाही. रात्री उठून हात झटकल्यावर बरं वाटणं ही कार्पल टनलची फार बोलकी खूण आहे. उलट, ठरावीक वयानंतर मानेचा एमआरआय काढला तर काही ना काही झीज दिसतेच, आणि मग त्या चित्रावर सगळं खापर फुटतं. म्हणून लक्षणं आणि तपासणी मानेकडे बोट दाखवत असतील तरच तो काढावा, या मताचा मी आहे.

तळहाताबद्दलही त्यासाठीच विचारलं होतं. तिथल्या त्वचेला संवेदना देणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटते आणि बोगद्याच्या बाहेरून जाते. तळहातही बधिर असेल तर अडचण वर, पुढच्या हातात किंवा त्याहून वर शोधायची. करंगळी बधिर असेल तर ती दुसरीच नस, तिचा दाब बऱ्याचदा कोपरात.

शंकासुर

डॉक्टर, नर्व्ह टेस्ट ऑपरेशननंतर परत केली तर काही कळतं का? माझ्या बहिणीची आली "अबनॉर्मल", आणि तेवढ्यावरून परत ऑपरेशन करा म्हणाले.

अस्थिरंजन

हाच तो सापळा. हात उत्तम झाला तरी ही टेस्ट बऱ्याच जणांची पूर्ण नॉर्मल होत नाही. अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश पोचायला साधारण सव्वाचार-साडेचार मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले तर लॅब "अबनॉर्मल" छापते. आता ऑपरेशनआधी तो आकडा समजा ७ होता आणि आज ५ आहे. म्हणजे नस सुधारलीय, पण कागद अबनॉर्मलच. तोच आकडा मधे ५ होऊन आज परत ७ झाला असेल तर गोष्ट निराळी. जुन्या रिपोर्टशिवाय नवा रिपोर्ट मुका असतो. ऑपरेशन करून घेणाऱ्या प्रत्येकाने आधीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद, दोन्ही फाइलला लावून ठेवावं.

सोनोग्राफीचंही तसंच. नसेच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटरच्या आसपास किंवा वर गेलं की सूज मानतात, पण ऑपरेशननंतरही ती थोडी जाडच राहू शकते. इथे मी नुसत्या आकड्याकडे बघत नाही. लिगामेंट कुठे शाबूत आहे का, बोटं हलवताना नस सरकते की व्रणाला चिकटलीय, कंडरांभोवती सूज आहे का, एखादी गाठ आहे का, हे विचारायचं. सोनोग्राफी करणाऱ्याला हाताचा सराव हवा.

बहिणीला त्रास आहे का? नसेल तर कागदाचं ऑपरेशन करत नाहीत.

शंकासुर

काहीच त्रास नाही! विमा कंपनीसाठी केली होती टेस्ट. धन्यवाद, फोन लावतो तिला.

कळफलक

थोडी प्रगती. टीएसएच बराच वाढलेला आला. साखर काठावर. जुना रिपोर्टही सापडला. नवी टेस्ट त्याच्याशी ताडून बघितली तर आधीपेक्षा बरी आहे, पण ऑपरेशननंतर एकदा केली होती तिच्यापेक्षा जरा घसरलेली. सोनोग्राफीत लिगामेंट नीट मोकळं, नस सरकतेय, कंडरांभोवती सूज.

सर्जनना हे सगळं दाखवलं. त्यांनी स्वतःच दुसरं ऑपरेशन मागे ठेवलं. थायरॉइडची गोळी सुरू झालीय, रात्री दोन्ही हातांना स्प्लिंट. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. मला मनातून भीती अशी की थांबण्यात रंधा यांच्यासारखं व्हायचं.

रंधा

ताई, तुमचं आणि माझं सारखं नाही. तुमची कात्री नीट चाललेली आहे. पण अंगठ्यावर नजर ठेवा. मी दर आठवड्याला आरशासमोर दोन्ही तळवे जोडून उंचवटे बघतो, आता सवयच लागलीय.

रक्तगट

थांबण्याला अर्थ आहे, कारण कारण सापडलंय. फक्त एक लक्षात असू द्या: टीएसएच ताळ्यावर यायला आठवडे लागतात आणि हात त्याच्याही मागून येतो. आणि थायरॉइड सुधारूनही काहींचा हात सुधारत नाही, तेव्हा तीन महिन्यांची भेट चुकवू नका.

जाता जाता एक, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. साठीच्या पुढचे, विशेषतः पुरुष, दोन्ही हातांना कार्पल टनल, ऑपरेशन होऊनही परत, आणि सोबत दम लागणं, पायावर सूज किंवा हृदयाचे स्नायू जाड झाल्याचा रिपोर्ट. अशा माणसात ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड या आजाराचा विचार व्हायला हवा. त्यात एक प्रथिन चुकीची घडी पडून ऊतकांत साठतं, आणि मनगटाचा त्रास हृदयाच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेला असतो. ऑपरेशन होणारच असेल तर कंडरांच्या आवरणाचा छोटा तुकडा तपासायला पाठवता येतो. आता यावर औषधं आहेत, म्हणून लवकर कळण्याला महत्त्व.

शेवंतीची_आई

डॉक्टर, कळफलकताईंना तोवर एखादं इंजेक्शन चालेल का? आणि दुसरं ऑपरेशन लागलंच तर ते असतं कसं? माझ्या जावेला सांगितलंय, ती घाबरलीय.

अस्थिरंजन

इंजेक्शन चालतं. कंडरांभोवती सूज असेल तर उपयोगही होतो, आणि त्याने बरं वाटलं तर दुखणं याच जागेत आहे याला दुजोरा मिळतो. पण त्याचा गुण टिकाऊ नसतो. २०१३ मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास आला. स्प्लिंटने फरक न पडलेल्या लोकांना त्यात इंजेक्शन दिलं होतं. सुरुवातीला आराम पडला, पण वर्षाच्या आत त्यातल्या जवळपास चारात तिघांचं ऑपरेशन झालंच. इंग्लंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात इंजेक्शन सहा आठवड्यांना रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा सरस होतं, सहा महिन्यांना दोन्ही सारखी. साखर काठावर असलेल्यांची इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, हेही धरून चला.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल. पहिल्यांदा आपण छोटी चीर देतो किंवा दुर्बिणीतून करतो. दोन्हींचे दूरचे निकाल सारखेच, दुर्बिणीवाले कामावर जरा लवकर परततात. दुसऱ्यांदा मात्र चीर मोठी घ्यावी लागते. व्रणाबाहेरच्या निरोगी नसेपासून सुरुवात करून व्रणात शिरायचं, नस मोकळी करायची, आणि ती परत चिकटू नये म्हणून करंगळीच्या बाजूची चरबी रक्तपुरवठ्यासकट सरकवून तिच्यावर पांघरायची, असं एक नेहमीचं तंत्र आहे. बऱ्याच जणांना फायदा होतो, पण पहिल्या ऑपरेशनइतका निर्मळ निकाल क्वचितच मिळतो. लिगामेंटचा तुकडा राहिला असेल तर निकाल चांगला, नुसता व्रण असेल तर मध्यम, आणि मुळात दाब नसून दुसरंच काही दुखत असेल तर वाईट. जावेला म्हणावं, तू कुठल्या गटात आहेस ते आधी विचार. आणि हे ऑपरेशन ज्यांच्या हाताखालून वारंवार जातं अशा सर्जनकडे जा, पहिल्याच सर्जनकडे जायला हवं असं काही नाही. मोठ्या नोंदींमध्ये दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत जाणारे शंभरात पाचाच्या आतच आहेत, त्यामुळे प्रत्येकाला याचा सराव नसतो.

कशिदा

रंधा यांचं वाचून मीही तळवे जोडून बघितले. उजव्या अंगठ्याखालचा भाग डाव्यापेक्षा चपटा आहे. नक्की. आणि बधिरपणा आता दिवसाही पूर्ण जात नाही. डॉक्टर, पुढचं इंजेक्शन ठरलंय, घेऊ ना?

अस्थिरंजन

कशिदा, हे असेल तर नका घेऊ. इंजेक्शनने मुंग्या दबतील आणि तुम्हाला वाटेल बरं झालं, तोवर स्नायू वाळत राहील. स्नायू उतरणं आणि बधिरपणा सतत राहणं या दोन गोष्टी दिसल्या की आमच्याकडे ऑपरेशनचीच चर्चा होते, आणि ती लवकर. नर्व्ह टेस्ट करून घ्या, शक्यतो याच आठवड्यात, आणि हाताच्या सर्जनला दाखवा. रक्तगट यांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्याही सोबत.

कशिदा

ठीक आहे, इंजेक्शनची वेळ रद्द करून टेस्टची घेतली. दोन्ही हात एकदम करतात का? म्हणजे काम एकदाच बंद राहील.

अस्थिरंजन

करतात, फक्त ती जागा बधिर करून होतं. पण पहिले काही दिवस केस विंचरण्यापासून आंघोळीपर्यंत घरात कोणी मदतीला लागेल. तुमचा उजवा जास्त बिघडलाय, तो आधी करा. डाव्याला तोवर स्प्लिंट. सुई धरायला उजवा हात काही आठवड्यांत तयार होईल. तळहाताच्या कडा दाबल्यावर दुखणं आणि पकडीतला कमकुवतपणा मात्र तीनेक महिने जाणवतो, तेव्हा मोठ्या ऑर्डरी त्याप्रमाणे पुढे ढकला.